बॅटरीच्या खोलीतला एडिसन

एडिसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बल्ब येतो. शाळेत आपण सगळ्यांनी तोच एडिसन वाचलाय. मास्तरांनी ढ ठरवलेला मुलगा, आगगाडीत पेपर विकणारा पोरगा, मग असंख्य वेळा फसलेले प्रयोग आणि शेवटी एकदाचा पेटलेला दिवा. हा एडिसन खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मला भेटला तो आमच्या कंप्युटर सेंटरच्या यूपीएसमुळे. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी एवढं लक्षात घ्या की या माणसाने दिव्याला दिली त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं एका बॅटरीला दिली. त्याची एक नोकरी गेली ती ॲसिडमुळे, आणि दुसरी मिळाली ती बॅटरीच्या खोलीत झोपल्यामुळे.

थॉमस अल्वा एडिसन जन्मला ११ फेब्रुवारी १८४७ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मिलान गावी. वाढला मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनला. शाळा नावालाच झाली, आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट गाडीत पेपर आणि खाऊ विकू लागला आणि सामानाच्या डब्यात त्याने आपली छोटी केमिस्ट्री लॅब मांडली. तिथे आग लागली आणि लॅबसकट बाहेर काढलं गेलं, हे आपल्याला माहीत आहे. पुढचं जरा कमी माहीत असतं. १८६२ साली एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून उचलून वाचवलं आणि त्या स्टेशनमास्तरने उपकार फेडायला त्याला तारयंत्र शिकवलं. इथून पुढचा एडिसन म्हणजे तारवाला. कानाने तो तोपर्यंत बराच बहिरा झाला होता, पण तारयंत्राची टिकटिक त्याला नीट ऐकू यायची आणि बाकीचा गोंगाट यायचा नाही. अशा अपंगत्वाचा फायदा म्हणावा की काय!

तारयंत्राच्या नोकरीत त्याने जे पहिलं डोकं लढवलं ते वाचून हॉस्टेलवाल्यांना तो आपलाच वाटेल. कॅनडात स्ट्रॅटफर्ड जंक्शनला त्याला रात्रपाळी होती. ऑपरेटर जागा आहे हे कळावं म्हणून दर तासाला एक ठरावीक सिग्नल पाठवायचा नियम होता. एडिसनने घड्याळाला एक चाक जोडलं, ते बरोबर तासाला सिग्नल पाठवायचं आणि साहेब झोपायचे. प्रॉक्सी अटेंडन्सचा हा बहुतेक पहिला ऑटोमॅटिक नमुना.

पुढे चार-पाच वर्षं तो गावोगाव फिरला. लुईव्हिलला वेस्टर्न युनियनमधे असताना तो मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा, कारण रात्री वाचायला आणि प्रयोगाला वेळ मिळे. १८६७ मधल्या एका रात्री बॅटरीचा प्रयोग करताना सल्फ्युरिक ॲसिड सांडलं. जमीन लाकडी फळ्यांची. फटींतून ॲसिड खाली झिरपलं आणि थेट मॅनेजरच्या खोलीत टेबलावर. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

मग बॉस्टन, आणि १८६९ मधे न्यूयॉर्क. खिशात दमडी नाही. फ्रँकलिन पोप नावाच्या ओळखीच्या इंजिनियरने त्याला गोल्ड इंडिकेटर कंपनीच्या बॅटरीच्या खोलीत झोपायची परवानगी दिली. ही कंपनी काय करायची ते नीट समजून घ्या, कारण मला ती आजच्या कुठल्याही ऑफिसच्या सर्व्हर रूमसारखीच वाटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर सोन्याचा भाव मिनिटामिनिटाला बदलत होता. डॉ. लॉज नावाच्या गृहस्थाने एक यंत्र बनवलं होतं. मधे एक ट्रान्समीटर, तिथून तारा निघून वॉल स्ट्रीटच्या आसपासच्या सुमारे तीनशे दलालांच्या ऑफिसांत, आणि तिथल्या चाकांवर सोन्याचा भाव दिसायचा. एक सर्व्हर, तीनशे क्लायंट. आणि सगळ्याला करंट पुरवायला खाली बॅटऱ्यांची खोली, म्हणजे काचेच्या बरण्यांत धातू आणि ॲसिड. त्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या नव्हत्या, धातू झिजला की नवीन घालायचा. त्या बरण्यांच्या शेजारी एडिसन झोपायचा आणि दिवसा वर येऊन यंत्र बघत बसायचा. कोणी सांगितलं नव्हतं, फी नव्हती, परीक्षाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोठा आवाज करून ट्रान्समीटर बंद पडला. काही मिनिटांत दलालांची शेकडो पोरं धावत आली आणि प्रत्येकजण आपल्याच ऑफिसची तार बिघडली म्हणून ओरडू लागला. यंत्राचा जबाबदार माणूस इतका गडबडला की त्याला काही सुचेना. डॉ. लॉज स्वतः आले, तेही तापलेले. एडिसन गर्दीतून यंत्रापाशी गेला. बऱ्याच काँटॅक्ट स्प्रिंगांपैकी एक तुटून दोन गियरच्या मधे पडली होती, तिने सगळं जॅम केलं होतं. त्याने ती काढली आणि चाकं शून्यावर आणली. मग माणसं पाठवून प्रत्येक ऑफिसातलं इंडिकेटरही शून्यावर आणायला लागलं, म्हणजे आपल्या भाषेत सगळे क्लायंट रीसिंक केले. दोनएक तासांत भाव पुन्हा फिरू लागले. एडिसनला महिना ३०० डॉलरवर नोकरी मिळाली. ही हकिकत एडिसननेच पुढे म्हातारपणी सांगितलेली आहे, आणि तो गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत होता, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. पण मुद्दा राहतोच. तीनशे पोरं आपापल्या टोकाला बिघाड आहे असं समजत होती. जिथून सगळ्यांना एकच गोष्ट जाते तिथे बघणारा एकटाच होता.

आता आमच्या यूपीएसचं सांगते. मागच्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत आमच्या सेंटरचा मुख्य सर्व्हर लाईट गेली की त्याच क्षणी बंद व्हायला लागला. यूपीएस तीन केव्हीएचा, ऑनलाइन, आणि त्याच्या डिस्प्लेवर बॅटरी शंभर टक्के. म्हणजे यूपीएस ठीक, दोष सर्व्हरचा, असा सगळ्यांनी निष्कर्ष काढला. कोणी एसएमपीएस बदला म्हणे, कोणी ऑपरेटिंग सिस्टिम परत टाका म्हणे. दोनशे मुलांचे फॉर्म अर्धवट, शेवटची तारीख तोंडावर, आणि प्रत्येक वर्गाचा सीआर येऊन आपल्याच वर्गाचा डेटा उडाला म्हणून भांडतोय. अगदी वॉल स्ट्रीट!

शेवटी इलेक्ट्रिकल लॅबचे काका आले. त्यांनी सर्व्हरकडे ढुंकूनही बघितलं नाही. यूपीएसच्या मागे आठ बॅटऱ्या होत्या, बारा-बारा व्होल्टच्या, सगळ्या सिरीजमधे. मेन्स चालू असताना प्रत्येकीवर मीटर लावला तर सगळ्या साडेतेराच्या आसपास, अगदी गुणी बाळं. मग काकांनी सर्व्हर बाजूला काढला, त्याच्या जागी बल्बचा लोड दिला, मेन्स काढला आणि पुन्हा मोजायला घेतलं. सात बॅटऱ्या बाराच्या वर टिकल्या. पाचवी बघता बघता सातवर आली. सिरीजमधे एक बॅटरी अशी बसली की एकूण व्होल्टेज यूपीएसच्या कट-ऑफखाली जातं आणि बाकीच्या सात भरलेल्या असून उपयोग नसतो. डिस्प्लेवरचे शंभर टक्के हे चार्जिंग चालू असतानाच्या एकूण व्होल्टेजवरून काढलेले होते. बॅटरी करंट देऊ शकते का हे तो आकडा सांगतच नाही.

ती पाचवी बॅटरी पोटात फुगलीही होती. कारण शोधलं तर संध्याकाळी सहाला खोलीचा एसी बंद करायची पद्धत होती, वीज वाचवायला. सर्व्हर मात्र रात्रभर चालू. या सीलबंद लेड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्री तापमान धरून सांगितलेलं असतं आणि वर प्रत्येक दहा डिग्रीला ते साधारण निम्मं होतं. शिवाय त्याच यूपीएसवर कोणीतरी लेझर प्रिंटर जोडला होता, जो गरम होताना एकदम मोठा करंट ओढतो. प्रिंटर काढला, एसी चालू ठेवायचं लेखी झालं, आणि आठच्या आठ बॅटऱ्या बदलल्या. एकच का नाही बदलली असं ऑफिसने विचारलंच. जुन्या सातांबरोबर एक नवी बांधली तर चार्जिंग कोणालाच धड मिळत नाही, काही कमी चार्ज होतात, काही जास्त, आणि थोड्या महिन्यांत पुन्हा तेच. (ज्यांना हे करून बघायची खुमखुमी येईल त्यांच्यासाठी : आठ बॅटऱ्या म्हणजे सुमारे शंभर व्होल्ट डीसी आहे. काकांना करू द्या.)

त्यानंतर मी बॅटऱ्यांवर जे मिळेल ते वाचायला घेतलं आणि प्रत्येक वळणावर एडिसन भेटत गेला.

न्यूयॉर्कनंतरचं त्याचं आयुष्य सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. टिकर यंत्रं, १८७६ मधे मेन्लो पार्कची लॅब, १८७७ मधे फोनोग्राफ, १८७९ मधे दिवा. पण दिवा विकायचा तर वीज हवी, म्हणून ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केलं, पहिल्या दिवशी सुमारे चारशे दिवे. डायनमो इंजिनासकट सुमारे २७ टनांचा एकेक, सर्कशीतल्या हत्तीवरून नाव पडलं जंबो. उद्घाटनाआधी दोन जंबो पॅरलल जोडून बघितले तर दोन्ही इंजिनांचे गव्हर्नर एकमेकांशी रस्सीखेच करू लागले. एक धावतंय तोवर दुसरं मोटर होऊन फिरतंय, मग उलट. इमारत हादरली, लोक बाहेर पळाले, एडिसनने एकाची वाफ तोडली तेव्हा थांबलं. मशीन्सच्या पेपरमधे आपण हंटिंग म्हणून दोन मार्कांची टीप लिहितो, ते हेच.

पर्ल स्ट्रीटला बॅकअप म्हणजे जास्तीचा डायनमो. बॅटरी नाही. लेड-ॲसिड बॅटरी तोपर्यंत निघाली होती, फ्रान्सच्या गास्तोन प्लांतेने १८५९ मधेच ती दाखवली होती आणि १८८१ मधे कामीय फॉरने ती कारखान्यात करता येईल अशी केली होती. पण एडिसनला ती अजिबात आवडायची नाही. शेअर विकून लोकांना गंडवायचा हा धंदा आहे असं त्याचं उघड मत होतं. आणि गंमत बघा, १८९० नंतरच्या दहा वर्षांत खुद्द एडिसनचं नाव लावणाऱ्या वीज कंपन्यांनीच आपल्या केंद्रांत लेड बॅटऱ्यांच्या मोठमोठ्या बँका बसवल्या. संध्याकाळचा जास्तीचा लोड उचलायला, आणि डायनमो बंद पडला तर तेवढा वेळ गाडं ओढायला. आजच्या डेटा सेंटरचा यूपीएस दुसरं काय करतो?

त्याच काळात एडिसनचे दिवस फिरले होते. एसी-डीसीच्या भांडणात तो हरला, आणि माझ्या मते ते भांडण तो फार वाईट पद्धतीने लढला. प्राण्यांना एसीचे झटके देऊन लोकांना घाबरवण्यापर्यंत त्याच्या बाजूची मजल गेली. १८९२ मधे त्याची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमधे विलीन झाली आणि नावातून एडिसन गेला. लोखंडाचं खनिज चुंबकाने वेगळं करायचा त्याचा कारखाना कर्जात बुडाला. पन्नाशी उलटलेली होती. अशा वेळी १८९९ मधे तो बॅटरीकडे वळला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. शिसं जड, ॲसिड आपलंच भांडं खातं, तर दोन्ही नको. त्याने अल्कलाइन द्रावण घेतलं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, एक इलेक्ट्रोड निकेलचा, दुसरा लोखंडाचा. स्वीडनमधे वाल्देमार युंगनर हाही त्याच सुमारास याच दिशेने काम करत होता आणि पेटंटवरून दोघांत वाद झाला, हेही सांगायला हवं, कारण आपल्या पुस्तकांत युंगनरला जागा नसते. १९०३ मधे एडिसनची बॅटरी बाजारात आली, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. जाहिरात जोरात झाली.

आणि मग तक्रारी आल्या. काही सेल सांध्यातून गळत होते. काहींची क्षमता काही महिन्यांतच घसरत होती, आणि तीही सगळ्यांची सारखी नाही. एडिसनने कारखाना थांबवला आणि खराब बॅटऱ्या परत घेतल्या. इथे मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. गळती वरून दिसत होती, ती डबा नीट जोडून मिटणारी होती. क्षमता का घसरते हे मात्र सेल उघडून, एकेक भाग वेगळा करून शोधावं लागलं. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात ग्राफाइट मिसळलेलं होतं. ते ग्राफाइटच चार्जिंगमधे हळूहळू खराब होऊन काँटॅक्ट सोडत होतं. म्हणजे पुन्हा काँटॅक्ट, १८६९ च्या त्या स्प्रिंगसारखाच. फरक एवढाच की ती स्प्रिंग दोन तासांत सापडली, या काँटॅक्टला पाच वर्षं लागली.

उत्तर काय सापडलं बघा. तांब्याचा पातळ थर, त्यावर निकेलचा, पुन्हा तांबं, पुन्हा निकेल, असे शेकड्याने थर इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवायचे, बारीक तुकडे करायचे, आणि तांबं विरघळवून टाकायचं. मागे राहतात शुद्ध निकेलच्या अतिपातळ पाकळ्या. त्या पोलादी नळ्यांत निकेलच्या संयुगाबरोबर थराथराने ठासून भरायच्या. १९०९ मधे ही नवी बॅटरी आली. चाचणी म्हणून बॅटऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यांवरून खाली टाकल्या जायच्या आणि मग पुन्हा जोडून बघायचे. ही बॅटरी खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वे सिग्नलमधे, मालाच्या गाड्यांत अनेक वर्षं चालली. १९७२ मधे एक्साइडने ती कंपनी विकत घेतली आणि १९७५ मधे हे उत्पादन बंद केलं.

पण ज्या मोटारीसाठी ती बनवली ती मोटार हातातून गेली. १९१२ मधे कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणला आणि पेट्रोलची गाडी हँडल न मारता सुरू होऊ लागली. स्टार्टरला हवा असतो काही सेकंदांचा प्रचंड करंट. एडिसनच्या सेलचा अंतर्गत रोध जास्त, एका सेलचं व्होल्टेज १.२, शिशाचं २. मोठा करंट ओढला की एडिसनची बॅटरी बसायची, थंडीत तर जास्तच. त्या कामाला नावडतं शिसंच लागलं. ऑफिसच्या यूपीएसलाही दहा-पंधरा मिनिटं मोठा करंट हवा असतो, म्हणूनच तिथे इतकी वर्षं शिसं टिकलं. आता लिथियम येतंय ते वेगळं.

एक प्रकरण मात्र चरित्रांत घाईने उरकतात. पाणबुडीत लेड बॅटरीवर समुद्राचं पाणी पडलं की क्लोरिन वायू तयार होतो. आपल्या बॅटरीत ॲसिडच नाही, तेव्हा हा धोका नाही, असं सांगून एडिसनच्या कंपनीने अमेरिकन नौदलाच्या ई-२ पाणबुडीत आपल्या बॅटऱ्या बसवल्या. जानेवारी १९१६ मधे न्यूयॉर्कच्या नेव्ही यार्डमधे ती बॅटरी पूर्ण डिस्चार्ज करत असताना पाणबुडीत स्फोट झाला. माणसं मेली, अनेक जखमी झाली. हायड्रोजन साचला होता. सिरीजमधले सगळे सेल कधीच एकाच वेळी रिकामे होत नाहीत. सगळ्यात कमजोर सेल आधी शून्यावर येतो, आणि बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात. तो सेल उलटा होतो आणि त्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. कंपनीने दोष पाणबुडीच्या अपुऱ्या व्हेंटिलेशनला दिला. व्हेंटिलेशन कमी होतं हे खरंच, पण क्लोरिन नाही म्हणजे धोका नाही, हा समज विकला कोणी होता? हे वाचताना मला आमची पाचवी बॅटरी आठवली. यूपीएसचा कट-ऑफ आम्हाला इतका शत्रू वाटत होता, पण तो असतो ते बॅटऱ्यांना याच टोकापर्यंत जाऊ न देण्यासाठी.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजला घरी वारला, ८४ वर्षांचा होऊन. त्याच्या डीसीची न्यूयॉर्कमधली शेवटची लाईन त्यानंतरही खूप वर्षं चालू होती, ती नोव्हेंबर २००७ मधे तोडली. अंत्यविधी २१ ऑक्टोबरला होता. त्याच्या सन्मानासाठी सगळ्या देशाची वीज क्षणभर बंद करावी अशी कल्पना निघाली होती. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी ती नाकारली, कारण एवढी केंद्रं एका क्षणासाठी जरी थांबवली तरी माणसांच्या जिवाला धोका झाला असता. देशभर बॅकअप कुठून आणणार? म्हणून लोकांनी आपापल्या घरातले, दुकानांतले दिवे स्वतःच्या हाताने मालवावेत असं ठरलं, आणि त्या रात्री दहा वाजता एक मिनिट तसं केलं गेलं. वीजकेंद्रं चालूच होती.